८ इंची डॉब्सोनियन: एम ६५ आणि एम ६६ च्या कसोटीवर

चंद्रावरचे खड्डे आणि शनीची कडी ७० मिलिमीटरच्या साध्या दुर्बिणीतूनही बघणाऱ्याला खूश करतात. त्यामुळे ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या पायावर ठेवलेली आरशाची दुर्बीण) घ्यायची की नाही हे ठरवायला चंद्र-शनी काही उपयोगाचे नाहीत. या दुर्बिणीचे पैसे वसूल व्हायचे ते अंधुक गोष्टींवर, आणि त्यासाठी सिंह राशीतली एम ६५–एम ६६ ही सर्पिल दीर्घिकांची जोडी फार चोख परीक्षक आहे. दोघी एकमेकींपासून २० आर्कमिनिटांवर (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासापेक्षाही कमी अंतरावर. प्रत (आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) एम ६५ ची ९.३, एम ६६ ची ८.९. दोघी सर्पिल, तरी ठेवण अगदी निराळी. ही निराळी ठेवण जी दुर्बीण दाखवते ती दीर्घिकांसाठी कामाची. दोन सारखेच धुरकट ठिपके दिसत असतील तर दुर्बिणीत तरी काही बिघडलंय, नाहीतर आकाशात.

परीक्षणाला घेतलेली दुर्बीण म्हणजे बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळणारा तोच तो संच: २०३ मिमी व्यासाचा मुख्य आरसा, १२०० मिमी फोकल लेंग्थ (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर), म्हणजे व्यासाच्या ५.९ पट, एफ/५.९, पत्र्याची नळी, लॅमिनेट केलेल्या पार्टिकल बोर्डाचा फिरता पाया, दोन वेगांचा २ इंची फोकसर (आयपीस बसवून फोकस जुळवायचा भाग), ९×५० चा काटकोनी फाइंडर (लक्ष्य शोधायची छोटी दुर्बीण), आणि दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं: ३० मिमीचा २ इंची आणि ९ मिमीचा प्लॉसल नावाच्या साध्या रचनेचा. काही संचांत ३० आणि ९ ऐवजी २५ आणि १० मिमीचे आयपीस येतात आणि फोकसर एकाच वेगाचा असतो. हिशेब थोडा बदलतो, निष्कर्ष नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. आरसा उत्तम, पाया चालण्यासारखा, ३० मिमीचा आयपीस शोधण्यापुरता ठीक, ९ मिमीचा या जोडीसाठी निरुपयोगी. आणि ज्या एका आयपीसवर सगळा खेळ आहे तो संचात नसतोच.

आधी या दोघींबद्दल, कारण काय शोधायचं ते माहीत नसेल तर डोळ्याला दिसत नाही. दोन्ही दीर्घिका साधारण ३ ते ३.५ कोटी प्रकाशवर्षांवर आहेत. एम ६५ आपल्यापासून सेकंदाला ८०७ किलोमीटर वेगाने दूर जाते, एम ६६ ७२७ किलोमीटर वेगाने. जवळची एनजीसी ३६२८ ही तिसरी दीर्घिका ८४३ ने. वेग इतके जवळचे असल्यामुळेच या तिघी केवळ एका रेषेत दिसणाऱ्या नसून एका गटातल्या मानल्या जातात. आकाशातल्या २० आर्कमिनिटांचे त्या अंतरावर जवळपास २ लाख प्रकाशवर्षं होतात. अर्थात हे फक्त आडवं अंतर. एकीच्या मागे दुसरी किती आहे ते यात येत नाही.

एम ६५ चा वर्ग एसएबी-ए: मोठा, जुन्या ताऱ्यांनी भरलेला मध्यभाग, घट्ट गुंडाळलेले गुळगुळीत बाहू, वायू कमी, नवे तारे कमी. शिवाय ती आपल्याला बरीचशी कडेने दिसते, म्हणून लांबट आणि अरुंद. एम ६६ चा वर्ग एसएबी-बी: मधे दांडा, दोन्ही बाहू एकमेकांशी न जुळणारे, ताऱ्यांची निर्मिती जोरात. पूर्वी कधीतरी ती एनजीसी ३६२८ च्या जवळून गेली आणि तिची घडी विस्कटली, असं आजचं स्पष्टीकरण आहे. एनजीसी ३६२८ मधून निघालेली सुमारे ३ लाख प्रकाशवर्षं लांबीची ताऱ्यांची शेपटी त्याचाच पुरावा समजतात. ही शेपटी ८ इंचांतून डोळ्याने दिसत नाही. कोणी दिसते म्हणालं तर विषय बदलावा.

आता दुर्बिणीचं गणित. ३० मिमीच्या आयपीसने ४० पट (१२०० भागिले ३०) मोठं दिसतं आणि दृश्य क्षेत्र सुमारे १.७ अंशांचं मिळतं. तिन्ही दीर्घिका आरामात मावतात, कडेला ७३ लिओनिस हा ५.३ प्रतीचा ताराही येतो. पण आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशाची तबकडी ५.१ मिमीची असते, त्यामुळे आकाशाची पार्श्वभूमी राखाडी दिसते आणि दीर्घिकांचे बाहेरचे भाग तिच्यात विरघळतात. दिसतात ते दोन गाभे आणि त्यांच्याभोवती थोडं धुकं. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि ‘दीर्घिकांत बघण्यासारखं काही नसतं’ असं मत बनवून दुर्बीण कोपऱ्यात ठेवतात.

९ मिमीने १३३ पट. प्लॉसलचं दृश्य क्षेत्र ५२ अंश धरलं तर आकाशातला फक्त २३ आर्कमिनिटांचा गोल दिसतो. दोन गाभ्यांमधलं अंतरच २० असल्याने दोघींना एकत्र ठेवायचं तर दोघी अगदी कडेला जातात, बाहेरचे भाग कापले जातात, आणि पाठपुरावा करणारी मोटर नसल्याने काही सेकंदांत एक निघून जाते. त्यात डोळा भिंगापासून ६ मिमीवर टेकवावा लागतो. चष्मेवाल्यांना हा आयपीस वापरताच येत नाही, आणि पापणी घासून भिंगावर तेलकट थर बसतो तो वेगळाच.

हवा असतो १३ ते १५ मिमीचा. १५ मिमीने ८० पट, ५२ अंशांच्या साध्या आयपीसमध्येही ३९ आर्कमिनिटं; १३ मिमी आणि ६८ अंशांचा घेतला तर ९२ पट आणि ४४ आर्कमिनिटं. जोडी मधे बसते, चारी बाजूंनी काळं आकाश उरतं. ४० वरून ८० पटींवर गेलं की आकाश आणि दीर्घिका दोन्ही ४ पट मंद होतात, त्यांच्यातलं प्रमाण तेच राहतं. पण आकार दुप्पट होतो, आणि अंधारात डोळा मोठा मंद डाग छोट्या मंद डागापेक्षा फार सहज पकडतो. पैसे मोजकेच असतील तर चंद्राचा फिल्टर, लेझर आणि बार्लो (आयपीसच्या पटी वाढवणारं जोडभिंग) यांचा मोह सोडून आधी हा एक आयपीस घ्यावा. ३० मिमीवाल्याला बार्लो लावून १५ करता येईल असं वाटेल, पण तो २ इंची आहे आणि नेहमीच्या सव्वा इंची बार्लोत बसत नाही.

जोडी शोधणं सोपं. सिंहाच्या मागच्या भागातला त्रिकोण घ्या. त्यात पूर्वा फाल्गुनीचे दोन तारे आहेत, दक्षिणेकडचा, ३.३ प्रतीचा, तो थीटा लिओनिस. त्याच्या आग्नेयेला ४ प्रतीचा आयोटा लिओनिस. या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या साधारण मध्यावर दीर्घिका आहेत. फाइंडरमध्ये आधी ७३ लिओनिस धरा. तिथून पूर्वेला पाऊण अंश सरकलं की एम ६५, आणखी पूर्वेला एम ६६. अंधाऱ्या आकाशात ५० मिमीच्या फाइंडरमध्येही दोन फिकट डाग जाणवतात. ते जाणवले तर पुढची रात्र चांगली जाणार हे नक्की.

कोण कुठली हे ओळखायला नकाशा नको. एम ६५ मध्यभागी आणा आणि नळीवरून हात काढा. पृथ्वी फिरत असल्याने ती पश्चिमेला सरकत जाईल आणि बरोबर १ मिनिट १९ सेकंदांनी एम ६६ तिच्या जागी येईल, फक्त ६ आर्कमिनिटं दक्षिणेला. अशा दोन आरशांच्या, न्यूटनियन दुर्बिणीत चित्र उलटं असतं, त्यामुळे दिशा ठरवण्याचाही हाच भरवशाचा मार्ग: वस्तू जिकडून बाहेर जाते ती पश्चिम.

अंधाऱ्या आकाशात, डोळे २५-३० मिनिटं अंधाराला सरावल्यावर, ८० पटींवर चांगल्या आरशातून दिसतं ते असं. एम ६५ म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेली सरळ, गुळगुळीत चकती. मधे छोटा तेजस्वी गाभा, त्यातून दोन्ही टोकांकडे हळूहळू मावळत जाणारा उजेड, कुठेही गाठ नाही की खंड नाही. तिच्या पूर्व कडेचा धुळीचा पट्टा ८ इंचांत धरून चालू नये. एम ६६ रुंद, जास्त तेजस्वी आणि ओबडधोबड. गाभा लांबट वाटतो, तो दांड्यामुळे. तिरकस नजरेने, म्हणजे वस्तूच्या जरा बाजूला नजर रोखून, बघत राहिलं की दांड्याच्या दक्षिण टोकातून एक आखूड बाहू वळल्यासारखा वाटतो, आणि एक बाजू दुसरीपेक्षा जड आहे हे लक्षात येतं. वर सांगितलेली विस्कटलेली घडी ती हीच. थेट रोखून बघितलं तर ती दिसत नाही. नळीला बोटाने हलकी टिचकी मारून चित्र थोडं हलवलं की अंधुक भाग चटकन उठून येतात. फोकस दीर्घिकेवर करू नका, तिला धारदार कड नसते. त्याच क्षेत्रातल्या एखाद्या मंद ताऱ्यावर फोकस करा. दोन वेगांच्या फोकसरचा बारीक स्क्रू इथे खरोखर कामी येतो.

पुढची पायरी एनजीसी ३६२८. एम ६६ च्या उत्तरेला सुमारे ३५ आर्कमिनिटांवर, प्रत ९.५. आकडा वाचून ती एम ६५ सारखीच दिसेल असं वाटतं, पण तिचा प्रकाश १५ आर्कमिनिटं लांब पट्ट्यावर पसरलेला आहे. ज्याच्या यादीवरून ‘एम’ हे नाव आलं त्या शार्ल मेसियरने १७८० च्या १ मार्चला एम ६५ आणि एम ६६ नोंदवल्या आणि ही त्याच्या यादीत आली नाही. ती १७८४ मध्ये विल्यम हर्शेलने नोंदवली. या दुर्बिणीत ती अंधाऱ्या आकाशात फिकट लांब रेघेसारखी दिसते, आणि उत्तम रात्री तिला लांबीत चिरणारा धुळीचा पट्टाही. तो दिसला तर तुमचा आरसा, कोलिमेशन (दोन्ही आरशांची एका रेषेत जुळवणी) आणि आकाश या तिन्हींना पैकीच्या पैकी गुण.

कोलिमेशनवर जरा थांबू, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे असतं. एफ/५.९ च्या आरशात कोमापासून (कडेचे तारे धूमकेतूसारखे पसरण्याचा दोष) मुक्त असं क्षेत्र मुळातच लहान, व्यासाने सुमारे ४.५ मिमी, आकाशात १३ आर्कमिनिटं. कोलिमेशन बिघडलं की हे क्षेत्र मध्यातून बाजूला सरकतं, गाभे पसरट होतात आणि एम ६५ चा टोकदार मध्यभाग एम ६६ सारखाच दिसू लागतो. क्रम असा ठेवा. आधी फोकसरमधून बघून दुय्यम आरसा गोल आणि फोकसरच्या मधोमध दिसतोय ना ते पाहा. मग दुय्यम आरशाचे तीन छोटे स्क्रू फिरवून मुख्य आरशाच्या मध्यावरची खूण फोकसरमध्ये बसवलेल्या जुळवणीच्या नळीतल्या क्रॉसहेअरवर आणा. शेवटी नळीच्या मागचे मुख्य आरशाचे स्क्रू फिरवून परतीचं प्रतिबिंब मध्यावर आणा. मागे तीन जुळवणीचे आणि तीन पक्के करायचे असे सहा स्क्रू असतात. पक्के करायचे स्क्रू आवळले की जुळवणी हलते, म्हणून ते जेमतेम टेकवावेत आणि नंतर पुन्हा तपासावं.

संचात कोलिमेशनसाठी लेझर आला असेल तर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तो फोकसरमध्ये बसवून स्वतःभोवती फिरवा. मुख्य आरशावरचा लाल ठिपका जागेवर न राहता गोल फिरत असेल तर लेझरच वाकडा आहे आणि तो तुमची दुर्बीण नेमाने बिघडवत राहील. अडॅप्टरमध्ये एकाच स्क्रूने आवळल्यामुळेही लेझर कलतो. मध्यात छिद्र असलेली साधी टोपी किंवा चेशायर (जुळवणीची साधी नळी, लेझरशिवाय) जास्त भरवशाचं. शेवटचा शब्द ताऱ्याचाच: जास्त पटींवर तारा किंचित फोकसबाहेर काढा, कड्या एककेंद्री दिसल्या पाहिजेत. कड्या गोल न दिसता तिकोनी दिसल्या तर आरसा धरणाऱ्या क्लिपा जास्त आवळल्या आहेत. क्लिप आणि काच यांच्यात कागद सरकेल इतपत त्या सैल करा.

आरसा थंड व्हायला वेळ द्या. काच जाड आहे. खोलीतून उघड्यावर नेल्यावर ४५ मिनिटं ते तासभर मुख्य आरशावरून ऊबदार हवा उठत राहते. मागचा पंखा लावला तर ही वेळ कमी होते. दीर्घिकांना ग्रहांइतका फरक पडत नाही, पण एम ६५ चा गाभा ताऱ्यासारखा टोकदार दिसणं यावरच अवलंबून आहे.

पाया हा या संचातला तडजोडीचा भाग. वर-खाली हालचाल गुळगुळीत. आडवी हालचाल मात्र आधी अडते आणि मग उडी मारते. ८० पटींवर ३९ आर्कमिनिटांच्या क्षेत्रात जोडी मध्यापासून कडेला जायला सुमारे ८० सेकंद लागतात, म्हणजे दर मिनिटाला एक हलका धक्का हवा. तो धक्का उडी मारत असेल तर तिरकस नजरेने पकडलेला बाहू दर वेळी हरवतो. मधला बोल्ट किती आवळलाय ते आधी बघा, बहुतेक वेळा जुळणी करणाऱ्याने तो गच्च पिळलेला असतो. तो सैल करूनही अडलं तर पॅड आणि लॅमिनेट पुसून त्यांच्यात थोडं फर्निचरचं मेण लावा. ग्रीस नको, त्यात धूळ चिकटते. ३० मिमीचा जड आयपीस काढून हलका लावला की नळीचं पुढचं टोक वर उचललं जातं. उभ्या हालचालीचे बेअरिंग नळीवर पुढे-मागे सरकवता येत असतील तर नेहमीच्या आयपीसवर तोल साधून घ्या. आणखी एक अडचण मुळातच आहे: जोडी जिथे डोक्यावरून जाते तिथे, ती माथ्याच्या १० अंशांत असताना आडवी हालचाल जवळजवळ निकामी होते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ती रात्री दहाच्या सुमारास सर्वांत उंच असते. अशा ठिकाणी तासभर आधी किंवा तासभर नंतर बघावं. पार्टिकल बोर्डाला दवाचं पाणी लागलं तर कडा फुगतात, त्या कडा वॉर्निशने बंद करणं पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या.

नळीच्या आतला रंग काळा म्हणतात, पण तिरक्या उजेडात तो चमकतो. फोकसरच्या समोरच्या भिंतीवर हातभर भागात काळं, उजेड शोषणारं फ्लॉकिंग कापड चिकटवलं आणि फोकसरच्या आतली चकचकीत बाजू मॅट काळी केली की पार्श्वभूमी डोळ्याला कळेल इतकी गडद होते. ७३ लिओनिस क्षेत्राच्या जेमतेम बाहेर असताना आत उजेडाची झाक दिसत असेल तर हे काम बाकी आहे असं समजा. दवासाठी नळीच्या तोंडाला फोमची गुंडाळी लावा; मुख्य आरसा खोल असल्याने वाचतो, आधी जातात ते फाइंडर आणि आयपीस, मग दुय्यम आरसा.

या सगळ्यावर मात करणारी एकच गोष्ट म्हणजे आकाशाचा उजेड. दोन्ही दीर्घिकांची सरासरी पृष्ठीय प्रत (आकाशाच्या छोट्या तुकड्यामागे येणाऱ्या उजेडाची प्रत) चौरस आर्कसेकंदाला २१.५ च्या आसपास येते, म्हणजे चांगल्या अंधाऱ्या आकाशाइतकीच. शहरातल्या १८ च्या आकाशात पार्श्वभूमी दीर्घिकेच्या २५ पट उजळ असते. मग ८ इंच असो की १२, दिसतात ते दोन गाभेच. दिव्यांचा उजेड अडवणारे फिल्टर तेजोमेघांवर चालतात, कारण तेजोमेघांचा प्रकाश मोजक्या रंगरेषांत असतो. दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर आकाशासोबत तोही कापतो. त्या पैशात अंधाऱ्या जागी जाऊन यावं. नळी आणि पाया मिळून २० ते २५ किलो भरतात, पण दोन तुकड्यांत, आणि नळी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी मावते. १० इंचीला ही सोय बऱ्याच गाड्यांत राहत नाही, म्हणून अंधाऱ्या जागेसाठी प्रवास करणाऱ्याने ८ वरच थांबावं असं माझं मत.

फोटो काढायचे असतील तर ही दुर्बीण घेऊ नका. पाया आकाशामागे फिरत नाही, त्यामुळे काही सेकंदांचंही एक्स्पोजर मिळत नाही. ५० मिमीची स्वयंचलित कॅमेरा-दुर्बीण अर्ध्या तासात एम ६६ चे बाहू रंगांसह पडद्यावर आणते, हे मान्य करायला हवं. पण तिथे डोळा आयपीसला लागत नाही, आणि ज्याला स्वतःच्या डोळ्याने बघायचंय त्याच्यासाठी ही तुलना गैरलागू आहे. एक काम मात्र डॉब्सोनियनवर मजेत होतं: सुपरनोव्हाची पाळत. १९८९ मध्ये एम ६६ मधला सुपरनोव्हा १२ प्रतीच्या आसपास पोहोचला होता. हा आरसा अंधाऱ्या आकाशात १४ प्रतीपर्यंतचे तारे दाखवतो, तेव्हा तो सहज दिसला असता. २००९ आणि २०१६ मधले एम ६६ चे आणि २०१३ मधला एम ६५ चा, हे सगळे डोळ्याच्या आवाक्याबाहेर मंद राहिले.

एम ६५–एम ६६ पचली की कन्या राशीतली एनजीसी ४५६७–४५६८ लावून बघा. दोन सर्पिल दीर्घिका जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या, प्रत ११ च्या आसपास, गाभ्यांमधलं अंतर सव्वा आर्कमिनिटाच्या घरात. संचातला ९ मिमीचा आयपीस इथे पहिल्यांदा उपयोगी पडतो: ४० पटींवर एकच पुसट डाग, १३३ वर त्याला दोन फाटे. ते फाटे सुटे दिसत नसतील तर आयपीस बदलण्याआधी कोलिमेशन तपासा.